पासष्टच्या खाली नाही

१

"हात वला हाये पोरीचा. हिचं अख्खं निघन. मांगच्यावानी तुकडे नाही पडनार."

हे माझ्यासाठी नव्हतं. फेब्रुवारीत मालेगावकडची माणसं मला पाहायला आमच्या घरी, आसेगावला आली होती. पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या घेऊन मी आत गेले, एक चमचा राहिला म्हणून परत फिरले, आणि पडद्याअलीकडे हे कानावर पडलं. बोलणाऱ्या सीताबाई, आज माझ्या सासूबाई. ऐकणारा पवन, आज माझा नवरा. तो म्हणाला, "हळू बोल न, आई." मी चमचा तिथेच राहू दिला.

पुढची दोन वाक्यं मला कळली नाहीत. पहिलं मात्र मी उचललं आणि जपून ठेवलं. कारण माझे तळहात ओले राहतात. लहानपणापासून. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागे, हिशोबाची वही फुगून दुप्पट होई. याआधी तीन स्थळं येऊन गेली. तिन्ही वेळा मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला आणि सोडल्यावर पदराला पुसला. तेवढ्यावरून उत्तर कळायचं, निरोपाची वाट पाहावी लागायची नाही.

सीताबाईंनी पुसला नाही. साखरपुड्यात पवनने अंगठी घातली, फोटोवाला "अजून एक, अजून एक" करत राहिला, तेवढा वेळ माझा हात धरून ठेवला आणि नंतर तोच हात खिशात घातला, तसाच, ओला. न पुसलेल्या हातावर मी लग्न केलं, असं म्हटलं तरी चालेल.

२

सासर मेडशीच्या रस्त्याला, मळ्यात. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. दुपारी तोडायची, जुड्या बांधायच्या, टोपल्यांत रचायच्या आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. पहिल्या दिवशी मी जुड्यांवर सरळ पाणी मारलं तर सासरे, बापूराव, हसले.

"पानाले पानी नाही मारत बाई. गोनपाटाले मारत असतात. पान पान्यानं सडते, वलीनं टिकते."

ते जुडीवर दोन बोटं टेकवतात आणि किती तास टिकेल ते सांगतात. चुकत नाहीत.

चौथ्या दिवशी पवनने मला मधली खोली दाखवली. पूर्वी तिथे कांदे ठेवत. आता खिडकीला वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम आणि टेबलावर चार फुटांची काचेची पेटी. आत नारळाचा भुसा, एक फांदी, पाण्याचं भांडं आणि अर्धं फुटकं मडकं पालथं घातलेलं.

"मडक्याखाली हाये," तो म्हणाला. "राणी. बाहेरदेशातली जात हाये, इषारी नाही, कागदपत्रं हायेत. लाजाळू हाये लय. तू भेत त नाहीस न?"

मी म्हटलं, नाही. मला आधी सांगितलं नव्हतं याचं थोडं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर हायसंच जास्त वाटलं. पडद्यामागच्या वाक्याचा उलगडा झाला होता. साप कात टाकतो, ती अख्खी निघाली तर साप निरोगी, हवा कोरडी पडली तर तुकड्यांत निघते, पवननेच सांगितलं. म्हणजे त्यांना ओल्या हाताची, भाजीला आणि सापाला सांभाळणारी बाई हवी होती. मागच्या वेळी कात तुकड्यांत निघाली होती. एवढंच. मी मनातल्या मनात स्वतःवर हसले.

मग त्याने एक वही दिली. शंभर पानी, त्याच्या अक्षरात. पहिल्या पानावर लाल शाईने: *ओलावा पासष्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही.*

३

पेटीच्या काचेवर बाहेरून एक मीटर चिकटवलेलं होतं, काडेपेटीपेक्षा जरा मोठं. वरचा आकडा उष्णतेचा, खालचा ओलाव्याचा. त्याची काळी, बारीक वायर टेबलामागे जात होती. पवन मालेगावला खतं-बियाण्यांच्या दुकानात कामाला. सकाळी नऊला निघायचा. दिवसातून तीनदा फोन.

"किती दाखवते?"

"अडतीस."

"फवारा मार."

मी मारायची. भुशावर, काचेवर, मडक्यावर. काच धुरकटायची, थेंब ओघळायचे. आकडा अडतीसच. एप्रिल होता, बाहेर ऊन असं की दोरीवर साडी टाकेपर्यंत वाळायची. मी स्वतःला सांगायची, मीटरला वेळ लागत असेल.

दुपारचं जेवण झालं की मी तासभर आडवी व्हायची. आमची खोली मधल्या खोलीला लागून, भिंत एकच. उठून पाहावं तर आकडा छप्पन्न, साठ. हे मला फार आवडलं. वाटलं, सकाळचे फवारे दुपारी मुरतात.

एके दिवशी पडवीतच चटईवर डोळा लागला. चारला पाहिलं तर एकतीस. त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा दोन फवारे जास्त मारले होते. सीताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. आकड्याकडे पाहून म्हणाल्या, "आपल्या खोलीत नीजत जाय, माय. पडवीत उन्हाची झाव लागते." आणि प्रेमाने माझ्या केसांतलं मेथीचं पान काढलं.

साप मी अजून पाहिला नव्हता. रविवारी पवन दार लावून त्याला खाऊ घालायचा. एकदा मडक्याच्या कडेला काही काळसर गुंडाळलेलं दिसल्यासारखं वाटलं. सावली असेल. सापाला न पाहता त्याची हवा सांभाळायची, हे विचित्र होतं, पण सासरी नव्या सुनेला सगळंच कुठे दाखवतात?

४

मेमध्ये सासूबाई दुपारी माझ्या अंगावर गोणपाट टाकू लागल्या. भाजीवरचं नव्हे हो, वेगळं, सोड्याने धुतलेलं, जुनं होऊन मऊ पडलेलं. ओलं करून, पिळून.

"उकडते न माय. घे. माह्या पोरीवानी हायेस तू."

गार वाटायचं. आईने लहानपणी ताप आला की कपाळावर घडी ठेवावी तसं. मी डोळे मिटून पडायची आणि भिंतीपलीकडे वाळ्यातून पाणी ठिबकताना ऐकायची. ठिबक, ठिबक. मग कधीतरी ते थांबायचं आणि त्याच तालात दुसरंच काही चालू व्हायचं, भिंतीतून नव्हे, जवळून. कोरडा कागद कोणी सावकाश चुरगाळावा तसं. मी कुशीवर वळले की वाढायचं.

त्याच सुमारास माझे हात वाळले. एका सकाळी पीठ मळताना लक्षात आलं की हाताला पीठ चिकटतच नाही. चोवीस वर्षांचा घाम गेला होता. मी आनंदाने पवनला हात दाखवले. त्याने बोटं उलटीपालटी करून पाहिली, बराच वेळ.

"आतमंदी गेली," तो म्हणाला.

"काय?"

"वल. चांगलं हाये."

जेवण जाईना. भाकरीचा वास आला की पोटात घट्ट व्हायचं. घरात नवी सून, जेवण जात नाही; कोणालाही वाटेल ते मलाही वाटलं, आणि दोन दिवसांनी पाळी आली. सासूबाईंना मी चाचरत सांगितलं, "आत्याबाई, ते नाही हो. तुमी समजून राह्यल्या तसं नाही."

"ते मले माहीत हाये," त्या म्हणाल्या आणि माझं ताट उचलून नेलं. पुढच्या वेळी माझं ताट मांडलंच नाही. मीही मागितलं नाही. भूकच नव्हती.

नजर धुरकटली ती त्यानंतर. जणू डोळ्यांवर कोणी बारीक पातळ दुधाचा थेंब पसरला होता. फोनवरची अक्षरं दिसेनात. उन्हाने होतं, धुळीने होतं, मी पाणी मारून घ्यायची. आरशात पाहिलं तर माझ्या काळ्या बुबुळांवर निळसर झाक होती. आरसा धुतला. झाक राहिली.

५

वही मी खरं म्हणजे आधीच वाचली होती, पण बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना वाचाव्या तशी. आता डोळ्यांजवळ धरून, ओळीवर बोट ठेवून वाचली.

*कात टाकायच्या आधी खाणं बंद होतं. जबरदस्ती करू नये, खाऊ घालू नये.*

*डोळे निळसर, धुरकट होतात. घाबरू नये. आठवडाभरात आपोआप स्वच्छ होतात. मग तीन दिवसांत कात.*

*या काळात ओलं कापड ठेवावं.*

*ओठांपासून सुरुवात होते.*

मी वही बंद केली आणि हसले. मोठ्याने, एकटीच. सापाचं वाचून अंगावर ओढून घेणारी मी काही पहिली नसेन. कॉलेजात एक मैत्रीण होती, पुस्तकात वाचेल तो रोग तिला संध्याकाळी व्हायचा. मी ओठांवरून जीभ फिरवली. खालच्या ओठाच्या कडेला एक टोक उभं राहिलं होतं. उन्हाळ्यात सगळ्यांचेच ओठ फुटतात.

वहीची शेवटची दोन पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती, कधीची. मी चहाच्या वाफेवर धरून ती अलगद सोडवली. आत दोनच ओळी होत्या. त्या वाचल्या, आणि पानं पुन्हा तशीच दाबून ठेवली.

६

दुसऱ्या दिवशी बापूराव आणि सीताबाई विहिरीकडे गेले होते. मी ठरवलं, मीटरच बिघडलंय हे एकदा सिद्ध करायचं. ते सिद्ध झालं की बाकीचंही आपोआप मिटेल.

वायर बोटांत धरली. नजर धूसरच होती, बोटांनीच गेले. टेबलामागून ती वर, पेटीच्या झाकणाकडे जायला हवी होती. ती खाली गेली. जमिनीशी, भिंतीच्या कडेने, दर हातभर अंतरावर पांढरी चिकटपट्टी. ड्रममागून. मग भिंतीला एक भोक, बोटाएवढं, आणि वायर त्यात.

मी आमच्या खोलीत आले. पलंग पुढे ओढला. भोक इकडेही होतं. वायर पलंगाच्या पायाला धरून वर चढली होती आणि गादीच्या कडेने माझ्या उशीत गेली होती. उशीचा कोपरा उसवून पुन्हा शिवलेला. सुतळीचा टाका, दाभणाने घातलेला. गोणपाटं सीताबाई अशीच शिवतात, दर तिसऱ्या टाक्याला गाठ. आणि चिकटपट्टी कापून तिचं टोक आत दुमडायची सवय पवनची आहे.

तीन महिने तो माझा आकडा विचारत होता. आणि तो मीच सांगत होते.

मी परत मधल्या खोलीत गेले. पेटीचं झाकण उघडलं. भुसा वर ओला, दोन बोटं खाली कोरडा ठणठणीत. फांदीवर धूळ. मडकं उचललं.

साप नव्हता. कधी असल्याची खूणही नव्हती. एक पारदर्शक पिशवी होती, घडी घालून ठेवलेली. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी, पुष्कळ तुकडे. उजेडात, अगदी डोळ्यांजवळ धरलं तेव्हा एक तुकडा घरंगळत कोपऱ्यात आला. करंगळीएवढा, पोकळ. एका टोकाला बंद. त्या बंद टोकावर नखाची जागा होती, आणि तिथून खाली, फिकट नारिंगी, मेंदीची एक वेल.

माझ्या मेंदीत वेल नव्हती. मोर होते.

पिशवी होती तशी ठेवली. मडकं ठेवलं. झाकण लावलं. आणि काय करावं ते सुचेना म्हणून चार फवारे मारले.

७

माहेरी फोन केला. विहिरीवरून रहाटाचा आवाज येत होता, म्हणजे दोघं अजून तिकडेच होती. ठरवलं होतं, जास्त बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं, दादाला गाडी घेऊन पाठव.

"माय," मी म्हटलं.

"डोये धुरकटले का वं?" आई म्हणाली.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पवनलासुद्धा नाही.

"सुचिता? ओठापाशी सुटून राह्यलं का? ओढजो नको हातानं, बाई. आपोआप येऊ दे."

"माय, तुले माहीत होतं?"

पलीकडे ती पदराने नाक पुसत असावी. लहानपणी मी तिला अंघोळीत पाठ चोळून देते म्हणायची आणि ती कधी चोळू द्यायची नाही. कोपराच्या वर तिच्या हाताला एक पट्टा आहे, जुना, कडा उचललेला, जळल्यासारखा. चुलीवर भाजलं होतं, असं सांगायची.

"माह्यं नीट नाही निघालं," ती म्हणाली. "अर्धं रायलं अंगावरच. तुह्या बापानं जन्मभर आयकवलं मले त्याच्यापायी. तुह्यं तरी अख्खं निघू दे. चांगले लोक हायेत, मीटरगिटर लावून करतात."

मी फोन ठेवला. रडू येईल असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. ते सगळं कुठेतरी आत, कातडीच्या मागे साचत होतं. ते हललं की कळायचं.

पळून का गेले नाही, असं कोणीही विचारेल. दार उघडं होतं, रस्त्यावर एसटी थांबते. पण जायचं कुठे होतं? आसेगावला?

८

नजर गुरुवारी स्वच्छ झाली. उठले आणि सगळं दिसलं. इतकं स्वच्छ की भिंतीवरच्या चुन्याचे कणसुद्धा वेगळे दिसत होते. मी पवनला सांगितलं नाही, पण त्याने हनुवटी धरून माझे डोळे पाहिले आणि दुकानात तीन दिवसांची सुट्टी टाकली.

रविवारी दुपारी सगळे आमच्या खोलीत होते. आई सकाळच्या एसटीने आली होती, डब्यात माझ्या आवडीची पुरणपोळी घेऊन, सवयीने. डबा कोणी उघडला नाही. सीताबाईंनी वाळ्याचे पडदे इकडे आणून लावले होते, नवं गोणपाट पिळून ठेवलं होतं. मी पलंगावर, भिंतीला टेकून. पवन स्टुलावर, मांडीवर वही. मीटर त्याने काचेवरून काढून आणलं होतं. आता लपवायचं काही नव्हतं.

"किती दाखवते?" बापूरावांनी विचारलं.

"एकाहत्तर."

बापूराव पुढे आले. माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली, जुडीवर टेकवतात तशी. डोळे मिटले.

"झालं. आजच."

"पाह्य, म्या पयल्याच दिवशी म्हनलं होतं," सीताबाई आईला म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदाने ओला झाला होता. "हात पाहून म्हनलं होतं. हिचं अख्खं निघन."

"निघाल्यावर द्याल न मले एकडाव पाह्यले?" आईने विचारलं. ती कशाबद्दल विचारत होती, मला कळलं नाही. निघेल त्याबद्दल, की उरेल त्याबद्दल.

"पोरीले भेव वाटून राह्यलं असन," बापूराव म्हणाले. "हात धर रे तिचा."

पवनने माझा हात हातात घेतला. कोरडा, खरखरीत, कागदासारखा हात. ओठापाशी काहीतरी सुटलं आणि हनुवटीकडे हळूच दुमडलं. दुखलं नाही. आतून गार वाटलं. कोरडा कागद चुरगाळल्याचा तो आवाज आता सगळ्यांनाच ऐकू आला असावा, कारण सीताबाई बोलायच्या थांबल्या. पवनने माझा हात खाली ठेवला.

आणि त्याचा हात पँटीला पुसला.

दोनदा. माझ्याकडे न पाहता. मला फार स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे तेही दिसलं, चुन्याच्या कणांसारखं. सीताबाई पुढे वाकल्या होत्या. आईही वाकली होती. चार जोड्या हात माझ्या तोंडाजवळ आले, ओंजळ धरावी तसे.

वहीची शेवटची दोन पानं पवनच्या मांडीवर अजून चिकटलेलीच होती. त्यानेच कधीतरी लिहिलं होतं ते, कुठून तरी उतरवून, आणि विसरला होता. *कात टाकल्या टाकल्या भूक जबर असते. माणूस ओळखत नाही, हात घालू नये.*

लग्न होऊन तीन महिने झाले होते. या घरात मी आपणहून फारसं काही बोलले नव्हते. आकडे सांगितले होते, हो-नाही केलं होतं. आता बोलले. आवाज माझाच होता, पण जरा खालून आला.

"अख्खंच निघन, आत्याबाई. आता हात मांगं घ्या सगळे. माय, तूबी घे. मले लय भूक लागली हाये."